राहूचा वाटा : ग्रहणविषयक श्रद्धांच्या वाचनाचा प्रश्न

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण झाले आणि ते भारतभर दिसले. त्या दिवसाचे पंचांग उघडले की एकाच चौकटीत दोन प्रकारचा मजकूर दिसत होता. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष यांच्या वेळा मिनिटांपर्यंत दिलेल्या होत्या. त्याखाली वेध केव्हापासून पाळावेत, बालकांनी व गर्भवतींनी किती पाळावेत, कोणत्या राशीला फल अशुभ, दान काय द्यावे, हे सांगितलेले होते. वरचा मजकूर चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो या सिद्धांतावर उभा आहे. खालच्याला राहू लागतो. वाचणाऱ्याला त्यात विसंगती जाणवत नाही. छापणाऱ्यालाही शतकानुशतके ती जाणवलेली नाही.

ही न जाणवलेली विसंगती हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. सूर्य, चंद्र, तारे यांच्याविषयीच्या श्रद्धांकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन रीती रूढ आहेत. पहिली प्रबोधनकारांची : श्रद्धा म्हणजे चुकलेले स्पष्टीकरण, ज्ञान आले की ते गळून पडेल. फ्रेझरच्या मानवशास्त्राने या रीतीला सैद्धांतिक आधार दिला. दुसरी मिथकसमीक्षेची : श्रद्धा म्हणजे प्रतीक, आदिबंध, अंधार-प्रकाशाच्या सनातन द्वंद्वाचे कथारूप. हिचा एक टोकाचा पूर्वज मॅक्स म्यूलर. त्याला प्रत्येक देवकथेत सूर्याचा उदयास्त दिसे; इतका, की १८७० साली एका विनोदी निबंधाने खुद्द मॅक्स म्यूलर हीच एक सूर्यकथा असल्याचे त्याच्याच पद्धतीने सिद्ध करून दाखवले. आपल्या विद्यापीठांतून मिथकसमीक्षा स्थिरावली तेव्हा ही थट्टा आपण फारशी मनावर घेतली नाही. दोन्ही रीतींचा दोष मला एकच दिसतो. पहिली श्रद्धेला ज्ञानाच्या अभावात शोधते, दुसरी मनाच्या खोलीत. ग्रहणाच्या वेळी कोण कोणाच्या दारात उभे राहते आणि कोण काय घेऊन परत जाते, हे दोघींनाही विचारावेसे वाटत नाही. माझ्या मते ग्रहणविषयक कथेचा अर्थ याच देवाणघेवाणीत आहे, आणि गणिताच्या शेजारी ही कथा इतकी निर्वेध नांदली याचे कारणही तेथेच आहे.

कथेची सर्वांत जुनी नोंद ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील चाळिसाव्या सूक्तात आहे. तेथे राहू नाही, स्वर्भानू नावाचा असुर आहे. तो सूर्याला अंधाराने विद्ध करतो, भुवने दिङ्मूढ होतात, इंद्र स्वर्भानूची माया खाली पाडतो, आणि लपलेला सूर्य अत्री ऋषी आपल्या मंत्रसामर्थ्याने शोधून काढतो. इतरांना ते साधले नाही, अत्रिकुळालाच साधले, असा सूक्ताच्या अखेरीचा भाव आहे. या शेवटाकडे काव्यदृष्टीने पाहणारे सहसा लक्ष देत नाहीत. परंतु शतपथ ब्राह्मणाने ते अचूक दिले. यज्ञात दक्षिणा वाटताना अत्रिकुळातील ब्राह्मणाला सोने द्यावयाचे, कारण त्याच्या पूर्वजाने सूर्यावरचा अंधार दूर केला होता, असे तेथे म्हटले आहे. कथा आकाशाविषयी बोलते आहे असे वाटत असतानाच ती सोन्याच्या वाटपाचा हक्क सिद्ध करून मोकळी होते.

अथर्ववेदात आणि छांदोग्य उपनिषदात राहू नावाने येतो. त्याची सविस्तर कथा महाभारताच्या आदिपर्वात समुद्रमंथनाच्या प्रसंगी येते. ती सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच तिचा आशय पुन्हा तपासला पाहिजे. मंथनाचे कष्ट देव आणि दानव दोघांनी केले. फळ मात्र देवांच्या पंक्तीत वाढले गेले. एका दानवाने देवाचे रूप घेऊन पंक्तीत बसण्याचे धाडस केले. सूर्य आणि चंद्र यांनी त्याला ओळखले आणि सांगितले. अमृत कंठापर्यंत पोचते न पोचते तोच विष्णूच्या चक्राने त्याचे शिर उडाले. शिर अमर झाले, आणि ते चहाडी करणाऱ्यांना आजही ग्रासते. प्रकाश-अंधाराच्या द्वंद्वाची ही कथा आहे, असे म्हणण्यास कथेत फारसा आधार नाही. ती पंक्तीची कथा आहे : कोणी कोठे बसावे, कोणाच्या पानात काय पडावे, आणि बसण्याचा अधिकार नसलेल्याला कोण ओळखून देतो. ‘पंक्तिभेद’ हा शब्द ज्या समाजात नित्य व्यवहाराचा होता, त्या समाजाने ही कथा ऐकताना नुसत्या आकाशाकडे पाहिले असेल, हे संभवत नाही. गिळलेले गळ्याच्या तुटक्या टोकातून बाहेर पडते, म्हणून ग्रहण सुटते, हा लोकप्रिय तपशीलही उपाशी राहणाऱ्याचाच आहे.

ज्योतिषाची परंपरा या कथेला कशी सामोरी गेली, हा यापुढचा आणि माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास निःसंदिग्धपणे लिहिले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या राहुचार नामक अध्यायात तर राहुवादाची पद्धतशीर उलटतपासणीच केली आहे. राहूला देह आणि निश्चित गती असेल, तर तो अर्ध्या राशिचक्रापलीकडच्या चंद्राला कसा पकडतो? गती निश्चित नसेल, तर गणिताने तो आधी कसा कळतो? चंद्रग्रहण पश्चिमेच्या कडेने आणि सूर्यग्रहण पूर्वेच्या कडेने कधीच सुरू का होत नाही? हे प्रश्न आजच्या शालेय पाठ्यपुस्तकात घालावेत इतके स्वच्छ आहेत. प्रबोधनवादी वाचक येथे थांबतो आणि वराहमिहिराला आपला पूर्वज म्हणून घोषित करतो. त्याने पुढचे दोनच श्लोक वाचावयास हवे होते.

पुढे वराहमिहिर म्हणतो ते थोडक्यात असे : ब्रह्मदेवाने त्या असुराला वर दिला की ग्रहणसमयी लोक जे दान देतील, जे हवन करतील, त्याच्या अंशाने तुझी तृप्ती होईल. म्हणून त्या वेळी राहूचे सान्निध्य असते, आणि म्हणून उपचाराने ग्रहण राहूचे म्हटले जाते. त्यानंतर अध्याय अगदी सहजपणे शकुनांकडे वळतो. कोणत्या महिन्यातील ग्रहण कोणत्या प्रदेशाला बाधते, बिंबाचा कोणता रंग कोणते फल देतो, हे सारे विस्ताराने येते.

या जोडणीला आपल्या अभ्यासकांनी ‘तडजोड’ म्हटले आहे. मला हा शब्द अपुरा वाटतो. तडजोडीत दोन्ही पक्ष काही सोडतात; येथे गणिताने काहीच सोडलेले नाही. राहूकडून कारणाचे पद काढून घेण्यात आले आणि त्याला लाभार्थ्याचे पद देण्यात आले. तो आता ग्रहण घडवीत नाही. घडलेल्या ग्रहणाचा वाटा घेण्यास येतो. पंक्तीतून हाकललेल्याला दानाच्या पानावर जागा मिळाली. आणि दान देणारे जोवर आहेत तोवर तो तेथून उठणार नाही, कारण त्याचे अस्तित्व आता खगोलावर अवलंबूनच राहिलेले नाही. श्रद्धेचे खंडन करणारा तर्क कितीही अचूक असला तरी तिला धक्का का बसला नाही, याचे उत्तर वराहमिहिराने नकळत लिहून ठेवले आहे.

ब्रह्मगुप्ताची भूमिका अधिक कडवी आहे. इ. स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याने आर्यभट, वराहमिहिर प्रभृतींना श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध बोलल्याबद्दल फटकारले. राहू नसता तर ग्रहणातील स्नान, जप, होम, दान यांच्या पुण्याला आधार काय उरतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. त्यानंतर ग्रहणाचे गणित मात्र त्याने छायेच्याच आधारे केले. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बेरुनीने हा उतारा वाचला आणि तो चक्रावून गेला. इतका समर्थ गणिती असे का बोलतो? सॉक्रेटिसवर जो प्रसंग आला तो टाळण्यासाठी तर नव्हे? अल्-बेरुनीचा तर्क सहानुभूतीचा आहे, पण तो बाहेरून आलेल्याचा आहे. त्याला वाटले, सत्य आणि भीती यांच्यात येथे लढा आहे. ब्रह्मगुप्ताच्या वाक्यात भीतीपेक्षा जमाखर्च अधिक आहे. राहू काढला तर दानाचा हेतू निघतो, आणि दानाचा हेतू निघाला तर ज्याला त्या क्षणाची अचूक वेळ सांगावयाची त्याच्या विद्येचे प्रयोजनही डळमळते.

याच सूत्राचे एक प्रत्यंतर महाराष्ट्रात दगडावर कोरलेले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे आणि कुळातील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत यासाठी त्याने मठ स्थापिला. त्या मठाला निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेल्या दानाची नोंद या लेखात आहे. दानाची तिथी शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७, श्रावण पौर्णिमा, आणि समय चंद्रग्रहणाचा. चंद्र छायेत शिरतो हे ज्या ग्रंथांत शिकवावयाचे, त्या ग्रंथांच्या पाठशाळेचा निर्वाह चंद्र ग्रासला जात असताना, हातावर पाणी सोडून, पुण्यकाल साधून दिलेल्या देणगीवर! भास्कराचार्यांनी स्वतःही गोलाध्यायात ग्रहणाची उपपत्ती निखळ भूमितीने दिल्यावर, राहू ब्रह्मदेवाच्या वराने भूछायेत आणि चंद्रबिंबात प्रवेश करतो असे मानले की आगमाशी विरोध उरत नाही, असे सांगितलेच आहे. त्यांच्या नातवाच्या मठाने ते सांगणे व्यवहारात आणून दाखवले.

या लेखाचे आणखी एक वैशिष्ट्य मराठी भाषेच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे आणि अखेरच्या काही ओळी मराठीत आहेत. मराठीच्या आरंभीच्या गद्याचा नमुना म्हणून त्या ओळींचा अभ्यास झाला. भाषा नेमकी कोठे बदलते, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. वंशवर्णन, शास्त्रातील पारंगतता, दात्याची कीर्ती हे सारे संस्कृतात. बाजारात येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून काय घ्यावयाचे, पाच सुपाऱ्या कोणी द्यावयाच्या, घाण्याच्या तेलातून मठाला काय मिळावयाचे, हे मराठीत. पुण्य सांगावयाची एक भाषा आणि ज्यांच्याकडून ते वसूल व्हावयाचे त्यांना कळावी म्हणून दुसरी. पाटणच्या बाजारात सुपारी मोजून देणाऱ्याला त्या रात्रीच्या चंद्राविषयी काय वाटत होते, हे लेख सांगत नाही. त्याच्या हिश्शाला काय आले ते तेवढे सांगतो.

इव्हान्स-प्रिचर्डने १९३७ साली आझांदे लोकांविषयी लिहिताना दाखवले होते की धान्याची कणगी कोसळून माणूस मेला तर वाळवीने खांब पोखरले हे त्यांनाही ठाऊक असते. पण त्याच वेळी तोच माणूस खाली का बसला होता, याचे उत्तर ते चेटकात शोधतात. ‘कसे’ आणि ‘का’ यांची ही विभागणी आपल्याकडील द्वैताला लावण्याचा मोह होतो. ती पुरी लागत नाही. आझांदेंचे ‘का’ वाळवीकडून काही मागत नाही. आपल्याकडे विधीला गणित हवे असते, आणि ते अचूक हवे असते. स्पर्शापूर्वी केलेले स्नान वाया जाते, मोक्षानंतर दिलेले दान पर्वकाळाचे उरत नाही. जे ग्रहण आपल्या प्रदेशात दिसत नाही ते पाळू नये, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. म्हणजे स्थलपरत्वे होणारे लंबनही श्रद्धेने आपल्या सोयीसाठी पत्करले. इ. स. १५२० मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ रचून ज्याचापाचा आश्रय न घेता ग्रहणे वर्तविण्याची सोपी रीत दिली, आणि पुढे कित्येक पिढ्या गावोगावचे जोशी त्यावर पंचांगे करीत राहिले. ज्ञान सुलभ झाले, तशी श्रद्धेची अंमलबजावणीही सुलभ झाली. ‘वेध’ या एकाच शब्दात मराठीने दोन्ही अर्थ ठेवले आहेत. वेधशाळेत आकाशस्थ ज्योतींचे वेध घेतात, आणि घरी ग्रहणाचे वेध पाळतात : सूर्यग्रहणाला चार प्रहर, चंद्रग्रहणाला तीन. (उत्कंठेचा ‘वेध लागणे’ हा तिसरा अर्थ कवींनी जपला, त्याची कुळकथा निराळी.)

आता रस्त्यावर आले पाहिजे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत ग्रहणकालाची महती सांगताना म्हटले आहे की त्या वेळी सारे जल गंगेसमान, सारे ब्राह्मण व्यासांसमान आणि सारे दान भूमिदानासमान. दान घेणारा कोण, हे तेथे गृहीतच आहे. परंतु मराठी मुलखात ग्रहण लागले की गल्लीबोळांतून वेगळीच हाक उठत असे : ‘दे दान, सुटे गिराण!’ ही हाक देणारे मांग आणि महार असत. जॅक्सनने जमविलेल्या आणि १९१५ साली एन्थोव्हनने प्रसिद्ध केलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांत या प्रथेची दखल आहे. राहू हा मांग जातीचा, म्हणून त्याच्या भाईबंदांना दिले की तो सोडतो, अशी समजूत होती. पश्चिम भारतातून त्या काळी नोंदल्या गेलेल्या आणखी एका कथेत सूर्यचंद्र हे ऋणको आहेत आणि त्यांना अडविणारा हा अंत्यज सावकार.

या हाकेकडे संहिता म्हणून पाहावे असे मी सुचवतो. पुराणसंहिता आणि सिद्धांतसंहिता यांच्या शेजारी ठेवावी अशी ही तिसरी, तीन-चार शब्दांची संहिता आहे. तिच्यात कर्ता नाही. कोणी सोडावे, कोणाला सोडावे, हे ती सांगत नाही. दान आणि सुटका यांना केवळ अनुप्रासाने बांधते. पहिल्या दोन संहितांतून गाळलेले मात्र ती उघड बोलते. वराहमिहिराने राहूला जो अंश दिला होता, तो मागावयास राहूचे आप्त प्रत्यक्ष दारात आले आहेत. पंक्तीतून उठवलेला, गळा कापलेला तो जो कोणी होता, त्याच्याशी एका मानवसमूहाचे नाते वरच्या समाजाने जोडून दिले, आणि त्या समूहाने ते नाते वर्षातून एकदोनदा मागणीच्या आवाजात परत ऐकवले. वराहमिहिराचा ‘उपचार’ म्हणजे लक्षणा. रस्त्यावर ही लक्षणा पुन्हा अभिधा झाली.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. १९९० नंतर आपल्याकडे वंचितांच्या प्रत्येक उच्चारात प्रतिकार शोधण्याची जी रीत आली, तिला ही हाक फार लवकर वश होईल : ऋणकोच्या दारात आलेला धनको, देवांना ओलीस धरणारा अंत्यज! हे वाचन आकर्षक आहे. मीही एका काळी ते वर्गात उत्साहाने मांडले होते. त्याला खीळ बसली ती एका आठवणीने. आमच्या वाड्यात आजी ग्रहण सुटताना जुने कपडे, धान्य, कधी तेल असे मागच्या दाराच्या पायरीवर ठेवून आत येई, आणि ते उचलले जाईपर्यंत आम्हा मुलांना त्या बाजूला जाण्याची बंदी असे. ठेवलेल्या वस्तूबरोबर घरातले काहीतरी बाहेर जावयाचे होते. ग्रहणाचे दान हे दोषासह दिले जाते. घेणारा ते वाहून नेतो, म्हणूनच ते त्याला दिले जाते. उत्तर भारतातील एका खेड्याच्या अभ्यासात ग्लोरिया रहेजा यांनी १९८८ साली दानातील या ‘विषा’कडे लक्ष वेधले. ब्राह्मणाला दिलेल्या भूमिदानाने दात्याची कीर्ती शिलेवर कोरली गेली. मागच्या पायरीवरच्या दानाने दात्याचे घर तेवढे स्वच्छ झाले. एकाच ग्रहणाची ही दोन दाने आहेत, आणि त्यांना एकच शब्द वापरला जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला शिळेपाके मागून खाणे आणि मेलेल्या जनावरांचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. त्या प्रकाशात या हाकेचा प्रश्न वेगळाच दिसतो. पुढच्या दशकांत ज्यांनी मागणे सोडले त्यांनी ही हाकही टाकून दिली. लोकसाहित्याच्या संकलकाने तिच्या लोपाबद्दल हळहळावे, हे मला अप्रस्तुत वाटते. काही संहिता त्यांच्या वाहकांनी जाणूनबुजून मिटवलेल्या असतात, आणि त्यांचे मिटणे हाच त्यांच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण उच्चार असतो. ग्रहण मात्र पूर्वीप्रमाणेच सुटत राहिले. या सिद्धीसाठी वेधशाळेची गरज पडली नाही.

मराठी साहित्यात या व्यवहाराचे नेमके वाचन पहिल्यांदा कोणी केले, असे विचारले तर माझे उत्तर महात्मा फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे आहे. १८५५ सालच्या या नाटकात ग्रहण नाही, ग्रह आहेत. एक जोशी गर्भवती कुणबी स्त्रीला तिच्या पोटातील मुलावर ग्रहांची वक्रदृष्टी असल्याचे सांगून घाबरवतो, आणि मग शांतीच्या निमित्ताने त्या घरातील तूप-धान्य-पैसा टप्प्याटप्प्याने बाहेर काढतो. समीक्षेने या नाटकाला बहुधा प्रचारनाट्य म्हणून बाजूला ठेवले. त्याची रचना पाहावी. नाटकात आकाश एकदाही वादाचा विषय होत नाही. ग्रह खरे की खोटे, यावर फुल्यांनी वेळ घालवलेला नाही. विदूषकाकरवी त्यांनी हिशेब चालू ठेवला आहे : आता काय मागितले, कोणाच्या घरी गेले, कोणी कर्ज काढले. पाटणच्या शिलालेखातील त्या अखेरच्या मराठी ओळींचीच ही भाषा आहे, फक्त यावेळी ती देणाऱ्याच्या बाजूने बोलते. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले आणि कमिटीने ते नाकारले. ती कमिटी ज्या निधीवर चाले, त्याचे मूळ पेशव्यांच्या श्रावणमासातील ब्राह्मण-दक्षिणेत होते. दानाच्या उत्पन्नावर बसलेल्या पंक्तीपुढे दानाचे विच्छेदन ठेवले गेले, आणि सूर्यचंद्रांनी आपले काम केले. नाटक छापून यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

फुल्यांनी या नाटकासाठी गर्भवती स्त्री निवडली, हे मला योगायोगाचे वाटत नाही. ग्रहणाच्या साऱ्या देवाणघेवाणीत जिला काही घ्यावयाचे नसते आणि जिच्याकडून सर्वाधिक घेतले जाते, ती हीच. तिने चिरू नये, कापू नये, शिवू नये, घडी घालू नये, निजू नये. नाहीतर मुलाचा ओठ फाटेल, कान तुटेल. राहूच्या छिन्न देहाची कथा येथे चिन्हांच्या पातळीवरून उतरून पोटातल्या मुलाच्या देहावर येते. आकाशात जे कापले गेले ते घरात कापले जाऊ नये. संरचनावादी अभ्यासकाला यात सुबक समांतरता सापडेल. त्या समांतरतेची किंमत एक स्त्री दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत तीन-चार तास, वेध धरले तर त्याहून अधिक, उपाशी बसून देते.

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण मला आठवते. मी शाळेत होतो आणि आमच्या गावाचे रस्ते भर दुपारी ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ ला दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवले तेव्हा वाटले की आता हे संपले. २५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, सूर्य ग्रस्तावस्थेतच मावळला, तेव्हा शेजारच्या घरातील एका उच्चशिक्षित गर्भवतीने दुपारपासून स्वतःला खोलीत बंद करून घेतले होते. दुसऱ्या दिवशी मी कारण विचारले. राहूचे नाव तिने घेतले नाही. ती म्हणाली, “तसलं काही नाही हो काका, पण किरणं असतात ना.” उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, ही नेत्रतज्ज्ञांची रास्त सूचना भिंतीपलीकडे जाऊन गर्भापर्यंत पोचली होती. भास्कराचार्यांनी छायेत राहू बसवला. आम्ही किरणांत बसवला आहे. अविरोधाची ती जुनी शास्त्रीय हातोटी आता पंडितांपुरती राहिलेली नाही, ती घरोघर आत्मसात झाली आहे. हाक देणारे केव्हाच निघून गेले, मागची पायरी पाडून तेथे वाहनतळ झाला, दक्षिणा बँकेतून परस्पर जाते. त्या दुपारी आमच्या इमारतीत जे काही द्यावयाचे होते ते तेवढे तिने दिले. सहा वाजून गेल्यावर सासूबाईंनी दार वाजवले, आणि आधी अंघोळ कर, मग चहा, असे बाहेरूनच सांगितले.